तेच ते भांडण आणि मोबाइलवरचे आठ तास

सांगलीतलं एक जोडपं समजा. नवरा मार्केट यार्डात अडत दुकानात दिवाणजी. हळदीचे सौदे सुरू झाले की घरी यायला रात्रीचे दहा. बायको म्हणते, "अहो, दोन शब्द तरी बोला." तो म्हणतो, "आल्या आल्या सुरू झालीस?" ती चिडते, तो आणखी गप्प होतो. समुपदेशकाकडे जावं, तर दारात कुणी ओळखीचं भेटेल ही धास्ती.

अशा जोडप्यांसाठी अमेरिकेत ब्रायन डॉस आणि अँड्र्यू ख्रिस्टेन्सन या मानसशास्त्रज्ञांनी 'अवररिलेशनशिप' हा ऑनलाइन कार्यक्रम तयार केला. एकूण काम सात-आठ तासांचं, तेही सवडीनं. दोघं आपापलं वेगवेगळं लिहितात, मग ठरलेल्या टप्प्यावर समोरासमोर बसून बोलतात.

मला यातला सर्वांत मोलाचा भाग वाटतो तो कारणं शोधण्याचा. चूक कुणाची, हे तिथे विचारतच नाहीत. दोघांचे स्वभाव कुठे वेगळे आहेत? कुठली जुनी दुखरी नस दाबली जाते? बाहेरून कसला ताण येतोय? आणि बोलण्याची कुठली रीत तो वाढवते? आपल्या जोडप्यात ती बोलकी, तो अबोल. माहेरी तिचं कुणी ऐकून घेतलं नसेल, म्हणून त्याचं गप्प बसणं तिला जास्त लागतं. वर हंगामाची दगदग. तिनं मागे लागायचं, त्यानं पळ काढायचा, ही रीत दोघं मिळून चालवतात. हे लिहिताना कळलं की राग थोडा निवळतो, आणि काही गोष्टी बदलायच्या नसून स्वीकारायच्या आहेत हेही उमगतं.

2016 मध्ये 300 जोडप्यांवरच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चिठ्ठ्या टाकाव्यात तसं कुणाला लगेच कार्यक्रम, कुणाला प्रतीक्षा. कार्यक्रम केलेल्यांचं नात्यातलं समाधान प्रतीक्षेतल्यांपेक्षा स्पष्टपणे वाढलं, उदासीही कमी झाली. वर्षभरानंतरही हा फायदा बऱ्याच अंशी टिकून होता.

ज्यांना कार्यक्रम मिळाला, त्यातल्या 86 टक्के जोडप्यांनी तो पूर्ण केला. अधूनमधून एक प्रशिक्षित माणूस फोन करून विचारपूस करत होता. माझ्या मते हा फोन वगळून चालणार नाही. मराठीत असा कार्यक्रम करायचा तर पैसा नुसत्या ॲपवर न घालवता फोन करणाऱ्या माणसांवर खर्च करावा. एकत्र कुटुंबात दोघांना बोलायला अर्धा तास एकांत कसा मिळेल, याचाही विचार त्यात हवा.

घरात मारहाण किंवा जिवाची भीती असेल, तर मात्र हा मार्ग नाही. तिथे आधी सुरक्षितता. महिलांसाठी 181 हा मदत क्रमांक आहे आणि 2005 चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदाही.