घरावरचं सोलर परवडायला लागलं कसं

घरावर सोलर लावणं परवडतं का, हे विचारताना सगळ्यांची नजर पॅनलच्या किमतीवर असते. पण मागे जाऊन बघितलं तर घर हे सोलरचं पहिलं गिऱ्हाईक कधी नव्हतंच, आणि आज जे स्वस्त पॅनल मिळतंय त्याचे पैसे आपल्या आधी बऱ्याच जणांनी मोजलेत.

उजेडाने वीज तयार होते हे फ्रेंच शास्त्रज्ञ एडमंड बेकरेलला १८३९ मध्येच दिसलं होतं. पुढे अमेरिकेतल्या चार्ल्स फ्रिट्सने १८८३ च्या सुमारास सेलेनियमवर सोन्याचा पातळ थर चढवून सेल (उन्हापासून वीज करणारा तुकडा, असे बरेच जोडले की पॅनल होतं) बनवला, पण त्यात पडलेल्या उन्हातलं जेमतेम एक टक्का वीज व्हायचं, तेवढ्यावर काय चालणार. खरी सुरुवात २५ एप्रिल १९५४ ची, अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेने सिलिकॉनचा सेल जगाला दाखवला तेव्हाची. डॅरिल चॅपिन, कॅल्विन फुलर आणि जेराल्ड पिअरसन या तिघांचं ते काम, कार्यक्षमता साधारण ६ टक्के.

पेपरवाले लगेच मोठी स्वप्नं रंगवायला लागले, पण चॅपिनने १९५६ मध्ये घराचा सरळ हिशोब मांडला. एका वॅटच्या सेलला २८६ डॉलर पडतात, म्हणजे साध्या घराला पुरेल इतकं लावायचं तर १४ लाख ३० हजार डॉलर! ज्याने वस्तू बनवली त्यानेच ती घराला परवडत नाही हे आकड्यात दाखवून दिलं, याचं मला फार कौतुक वाटतं.

मग पैशाकडे न बघणारं गिऱ्हाईक मिळालं ते अवकाशात. मार्च १९५८ मध्ये व्हॅनगार्ड-१ उपग्रह वर गेला, त्यातला बॅटरीवरचा ट्रान्समीटर काही आठवड्यांत बंद पडला आणि सोलरवरचा १९६४ पर्यंत चालला. तिथे वॅटला काय पडतं हे कोण विचारणार, दुसरा पर्यायच नव्हता ना.

जमिनीवर यायला १९७० चं दशक उजाडलं. एलियट बर्मन या अमेरिकन शास्त्रज्ञाने उपग्रहासाठी लागणाऱ्या एक नंबर सिलिकॉनचा हट्ट सोडला, चिप बनवणाऱ्यांनी नाकारलेल्या चकत्या घेतल्या आणि वॅटमागे १०० डॉलरवरून किंमत २० डॉलरवर आणली. तरी गिऱ्हाईक कोण, तर समुद्रातले तेलाचे प्लॅटफॉर्म, दीपस्तंभ, आडबाजूचे टेलिफोन टॉवर, म्हणजे जिथे तार ओढणं त्याहून महाग पडायचं. घरांचे प्रयोगही सुरू होते, डेलावेअर विद्यापीठाने १९७३ मध्ये सोलर वन नावाचं घर बांधलं, पण ते प्रयोगच राहिले.

घरासाठी चित्र बदललं ते आधी नियमांमुळे, आणि हे लोक विसरतात. दिवसा वीज जास्त होते आणि गरज संध्याकाळी, मग बॅटरीचा खर्च टाळायचा तर जास्तीची वीज ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या तारांच्या जाळ्याला, द्यायची आणि लागेल तेव्हा परत घ्यायची. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या काही राज्यांनी हे नेट मीटरिंग मान्य केलं. जपानने १९९४ पासून घरांच्या छतांना मोठं अनुदान दिलं. आणि जर्मनीने २००० मध्ये कायदाच केला, की सोलरच्या प्रत्येक युनिटला सुमारे ५० युरोसेंट, तेही २० वर्षं. हा दर भरत होते तिथले सगळे वीजग्राहक, बिलातून. मागणी इतकी वाढली की सिलिकॉनच कमी पडलं, २००८ मध्ये किलोला ४०० डॉलरच्या पुढे गेलं, मग चीनमध्ये कारखान्यांवर कारखाने उभे राहिले आणि भाव कोसळले. जगात आजवर बनलेल्या पॅनलचं एकूण प्रमाण दुप्पट झालं की पॅनल साधारण २० टक्क्यांनी स्वस्त होतं हे दशकानुदशकं दिसत आलंय, पण ती दुप्पट आपोआप होत नाही, कोणीतरी महाग असताना विकत घ्यावं लागतं. त्या जर्मन ग्राहकांचे उपकार आहेत आपल्यावर, असं मी मनापासून म्हणतो.

कार्यक्षमता वाढल्याने जागेचा प्रश्नही सुटला. कडक उन्हात चौरस मीटरवर साधारण १००० वॅट पडतात, ६ टक्क्यांच्या सेलने एक किलोवॅटला १७ चौरस मीटर लागले असते, आजच्या २० टक्क्यांच्या पॅनलला ५ पुरतात.

आता गंमत अशी की पॅनल इतकं उतरलं की बऱ्याच देशांत घराच्या एकूण खर्चात ते छोटा भाग झालंय. उरलेला पैसा इन्व्हर्टर (लाइट गेल्यावरचा बॅटरीवाला नव्हे, पॅनलची वीज घरात चालेल अशी करून देणारा), स्ट्रक्चर, वायरिंग, मजुरी, परवानग्या यात जातो, आणि तो कारखान्यासारखा उतरत नाही. पॅनल २५ वर्षं चालतं पण इन्व्हर्टर मध्ये एकदा तरी बदलावा लागतो, हे हिशोबात धराच. शिवाय ग्रिडला जोडलेली साधी सिस्टीम लाइट गेली की भर उन्हातही बंद होते, कारण तारांवर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये म्हणून इन्व्हर्टर तसाच बनवलेला असतो. हे आधी सांगितलं नाही तर लोकांना फसवल्यासारखं वाटतं, आणि ते बरोबरच आहे.

नियमही परत फिरायला लागलेत. कॅलिफोर्नियाने एप्रिल २०२३ पासून नवीन जोडण्यांसाठी ग्रिडला दिलेल्या विजेचा मोबदला साधारण तीन चतुर्थांशाने कापला. त्यामुळे किती वीज तयार होते यापेक्षा त्यातली किती घरातच वापरली जाते यावर परतफेडीची वर्षं ठरायला लागली. लिथियम बॅटरी २०१० नंतर जवळपास ९० टक्क्यांनी स्वस्त झाली ती नेमकी याच वेळी, तीही मोबाइल आणि गाड्यांच्या जिवावर, आणि जर्मनीत तर घरावर नवीन सोलर बसवणारे बहुतेक जण आता सोबत बॅटरी घेतात.