चालल्यानं गुडघ्यातलं वंगण संपत नाही

"साठीनंतर रोज चाललं की गुडघ्यातलं वंगण संपतं," हा निरोप लातूर-परभणीकडच्या ज्येष्ठांच्या ग्रुपवर वर्षानुवर्षं फिरतोय. विरंगुळा केंद्रातली काही मंडळी त्यामुळे सकाळची फेरी सोडून थेट कॅरमला बसतात. गुडघा कुरकुरत असला की ते पटतंही.

पण हे वंगण डब्यातलं तेल नव्हे. सांध्याचं अस्तर ते सतत तयार करत असतं. हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत गादीला, म्हणजे कूर्चेला, रक्तवाहिन्या नसतात. पाऊल टेकलं की ती दबते, उचललं की सैल होते, आणि या दाबण्या-सोडण्यातून त्या द्रवातलं पोषण तिच्यात मुरतं. शिवाय मांडीचे स्नायू बळकट राहतात, ते वेगळंच.

पडताळा घ्यायचाय? आठवडाभर सपाट रस्त्यावर थोडं थोडं चाला. दुसऱ्या दिवशी दुखणं वाढलं, तर अंतर कमी करा. गुडघा सुजला, गरम लागला किंवा अडकला, तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा.