आदराचं ‘ते’ आणि लिंगनिरपेक्ष ‘ते’

स्वतःला बाई किंवा पुरुष न मानणाऱ्या व्यक्तीबद्दल बोलताना मराठीत सरसकट ‘ते’ म्हणावं, असं बऱ्याच जणांना वाटतं. ‘ते’मध्ये आदरही आला आणि लिंगाचा प्रश्नही मिटला, असा हिशोब. पण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आदराच्या ‘ते’लाही लिंग असतंच.

‘ते आले’ म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पुरुष येतो. बाईंसाठी आपण ‘त्या आल्या’ म्हणतो. म्हणूनच ट्रान्स पुरुषाला, म्हणजे जन्माच्या वेळी मुलगी ठरवल्या गेलेल्या पुरुषाला, ‘त्या आल्या’ म्हटलं तर आदर शाबूत राहतो आणि माणूस चुकतो. एकवचनी ‘ते आलं’ तर नकोच. ते पिल्लाला किंवा लहान मुलाला चालतं, मोठ्या माणसाला तो अपमान वाटतो. कुणी स्वतःच ‘ते आले’ पसंत केलं असेल तर अर्थात तेच वापरायचं. मात्र ते आपण कुणावर लादू नये.

मराठीत लिंग सर्वनामापुरतं थांबत नाही, ते क्रियापदात आणि विशेषणातही उतरतं. त्यामुळे ‘तुमचं सर्वनाम कोणतं?’ यापेक्षा ‘तुमच्याबद्दल बोलताना आला म्हणू की आली, की आणखी काही?’ हा प्रश्न जास्त कामाचा. समोरची व्यक्ती स्वतःबद्दल ‘मी आलो’ म्हणते की ‘मी आले’, याकडेही कान द्यावा. तेवढ्यावरून निष्कर्ष मात्र काढू नये, कारण काही बोलींत बायकाही ‘मी जातो’ म्हणतात.

उत्तर कळेपर्यंत भाषेतल्या मोकळ्या जागा वापरता येतात. ‘त्यांनी’, ‘त्यांना’, ‘त्यांचं’ ही रूपं दोन्हीकडे सारखीच. म्हणून ‘ते म्हणाले’ऐवजी ‘त्यांनी सांगितलं’. ‘येतात’, ‘येतील’ यांतही लिंग दिसत नाही, फक्त आधी ‘ते’ किंवा ‘त्या’ न लावता नाव घ्यायचं. विशेषणं ‘हुशार’, ‘शांत’ अशी न बदलणारी निवडावीत. गाडी अडते ती ‘गेला’, ‘बसला’, ‘दमला’ अशा भूतकाळात. तिथे वाक्यच फिरवावं लागतं: ‘दमले’ नको, ‘त्यांना थकवा आला’.

समोरासमोर बोलताना ‘तुम्ही’ बरंच सांभाळून घेतं. ‘तू आलास’ आणि ‘तू आलीस’ वेगळे, पण ‘तुम्ही कधी आलात?’ सगळ्यांना चालतं. फसगत होते ती पहिल्याच वाक्यात, कारण ‘कसे आहात?’ आणि ‘कशा आहात?’ यांतून एक निवडावं लागतं. त्याऐवजी ‘काय म्हणता, बरं आहे ना?’ म्हणावं.

चुकलंच तर नुसतं सर्वनाम सुधारून भागत नाही. ‘ती आली... सॉरी, तो आला आणि फाईल देऊन गेला’, असं शेवटच्या क्रियापदापर्यंत सुधारून पुढे जायचं. लांबलचक माफी मागत बसलं की समोरच्यालाच आपली समजूत घालावी लागते.