शितावरून गाठीची परीक्षा

पुण्यात रेडिएशनला अजूनही कित्येक घरांत ‘शेक’ म्हणतात. गुदाशयाच्या कॅन्सरचा पेशंट सोमवार ते शुक्रवार, साधारण साडेपाच आठवडे शेकाला जातो. कुणी कोथरूडहून, कुणी जुन्नरहून येऊन मेहुण्याकडे राहून. सोबत केमोच्या गोळ्या. एकूण मात्रा बहुधा ५०.४ ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशन मोजायचं एकक), २८ हप्त्यांत. मग काही आठवडे थांबून ऑपरेशन. काढलेला भाग तपासला की शंभरातल्या पंधरा-वीस जणांत कॅन्सरची एकही पेशी सापडत नाही. काहींची गाठ मात्र जवळजवळ होती तशीच असते.

कोण कुठल्या गटात, हे आधी कळलं तर? पहिल्यांचं ऑपरेशन, कदाचित शौचासाठी पोटावर लावावी लागणारी पिशवीही टळेल. ब्राझीलच्या अँजेलिता हाबर-गामा यांनी गाठ विरलेले पेशंट ऑपरेशनशिवाय नुसते नजरेखाली ठेवले आणि २००४ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. सर्जन मंडळींना ते पचायला वेळ लागला. अशांपैकी साधारण चौघांत एकाची गाठ परत उगवते, म्हणून तपासण्या चुकवून चालत नाही.

उत्तर बायोप्सीच्या तुकड्यात शोधतात. रेडिएशन पेशीचा डीएनए तोडतं, आणि तुटलेल्या पेशीला मरायला लावण्यात पी५३ या प्रथिनाचा हात असतो. तेव्हा त्याचा जीन बिघडलेली गाठ शेकाला दाद देणार नाही, असं वाटणं साहजिक. कॅन्सरमध्ये अनेकदा बिघडणाऱ्या केरास या जीनवरही तसाच संशय. पण एका अभ्यासात जुळलेलं दुसऱ्यात जुळत नाही. रक्तातलं सीईए, म्हणजे गाठीतून येणारं एक प्रथिन, जास्त असेल तर प्रतिसाद कमी, असं अनेकदा दिसतं. पण ते सिगारेट ओढणाऱ्यांतही वाढतं.

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण पातेल्यातला भात सगळा एकसारखा शिजतो. गाठ तशी नसते. कुठे रक्तपुरवठा भरपूर, कुठे ऑक्सिजनची टंचाई. आणि ऑक्सिजनविना जगणाऱ्या पेशी मारायला अडीच-तीनपट मात्रा लागते. दुर्बिणीतून चिमट्यात आला तो तुकडा यातला कुठला?

एक खूण मात्र बहुधा गाठभर सारखी असते. डीएनएची नक्कल करताना झालेल्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा पाच-दहा टक्के गाठींत बंद पडलेली असते. अशांना शेकाऐवजी इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच गाठीवर सोडणारे उपचार, लागू पडते: न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये डोस्टारलिमॅब हे औषध पूर्ण घेतलेल्या पहिल्या १२ पैकी १२ जणांची गाठ दिसेनाशी झाली. ही बातमी २०२२ ची.

म्हणून शेक सुरू होण्याआधी रिपोर्टमध्ये एमएलएच१, एमएसएच२, एमएसएच६, पीएमएस२ ही त्या दुरुस्ती यंत्रणेतल्या प्रथिनांची नावं शोधा. नसतील तर डॉक्टरांना विचारा. बायोप्सीचा ब्लॉक, म्हणजे मेणात बसवलेला तुकडा, लॅबमध्ये जपून ठेवलेला असतो; बहुतेक वेळा पुन्हा तुकडा काढावा लागत नाही.