‘मंडळीत घेतलं’ म्हणजे काय झालं?

नगर जिल्ह्यातल्या जुन्या ख्रिस्ती घरांत तरण्या पोरांना एक प्रश्न हमखास विचारला जातो : "तुझं नाव मंडळीत आलं का?" मंडळी म्हणजे एका चर्चचा विश्वासणाऱ्यांचा समुदाय. बाप्तिस्मा, म्हणजे पाण्याने ख्रिस्ती होण्याचा विधी, झाला का, हा प्रश्न वेगळा. तो बहुतेकांचा अंगावरच्या वयातच होऊन गेलेला असतो. पोरगं सोळा-सतराचं झालं की पाळकांकडे, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंकडे, शिकायला बसतं, आणि मग एका रविवारी उपासनेत सगळ्यांसमोर उभं राहतं. ख्रिस्तावर तुझा स्वतःचा विश्वास आहे का, मंडळीच्या कामात आणि दानात वाटा उचलशील का, असं विचारतात. "होय" म्हटल्यावर प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या शेवटच्या जेवणाच्या आठवणीत सगळे मिळून भाकर आणि प्याला घेतात त्या विधीची, भाकर हातात येते. माझ्या वेळी शेजारी साखर कारखान्यात राबणारे एक काका उभे होते, पन्नाशी ओलांडलेले. ‘होय’ म्हणताना त्यांचा आवाज फुटेना. तेवढ्या एका शब्दाला एवढं वजन कुठून आलं, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

सभासद म्हटलं की आपल्याला पतपेढी आठवते, हाउसिंग सोसायटी आठवते. शेअर घेतला, पावती घेतली, झालात सभासद. येशूचा प्रेषित पौल याने ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या, बायबलमधल्या पहिल्या पत्रात मात्र शब्द आहे ‘अवयव’. डोळ्याला हाताला म्हणता येत नाही की मला तुझी गरज नाही. हे सुभाषित म्हणून लिहिलेलं नाही. त्याच पत्रात थोडं आधी पौल रागावलेला आहे : प्रभुभोजनाला जमल्यावर काही जण आपापलं आधीच खाऊन घेतात आणि गरीब उपाशी राहतात. म्हणजे सभासदत्वाचा अर्थ पहिल्यांदा पणाला लागला तो पंगतीत. आपल्याकडेही तो पंगतीतच लागणार होता.

सुरुवातीच्या काळात मंडळीत येणं सोपं नव्हतं. काही ठिकाणी उमेदवाराला तीन-तीन वर्षं शिक्षण घ्यावं लागे, आणि तोवर प्रभुभोजनाच्या आधी त्याला बाहेर पाठवत. इ.स. 250 मध्ये रोमन सम्राट डेशियसने सगळ्यांना देवतांपुढे बळी अर्पण करायला फर्मावलं. जीव वाचवायला पुष्कळांनी ते केलं आणि संकट सरल्यावर परत यायला बघू लागले. त्यांना घ्यायचं का? उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा बिशप सिप्रियन याच वादात होरपळला. ज्याला मंडळी आई नाही त्याला देव बाप असू शकत नाही, हे त्याचं म्हणणं प्रसिद्ध आहे. प्रायश्चित्त करून त्यांना परत घेण्याचा मार्ग त्याने धरला.

पुढे 380 मध्ये साम्राज्यानेच ख्रिस्ती धर्म राजधर्म केला. मग काय, जन्माला आला तो मंडळीत आला. जे सगळ्यांनाच आपोआप मिळतं त्याची किंमत उतरते. ही खंत मनात घेऊन 1525 मध्ये झुरिकमध्ये काही लोकांनी एकमेकांना प्रौढपणी पुन्हा बाप्तिस्मा दिला. त्यांच्यातल्या फेलिक्स मान्झला दोन वर्षांनी नदीत बुडवून मारलं. एवढा राग कशाचा? मंडळीत यायचं ते स्वतःच्या ‘होय’ने, जन्माने नव्हे, हे म्हणणं राज्याच्या मुळावर येणारं होतं.

यातलाच एक धागा आपल्या दारापर्यंत येतो. इंग्लंडमधून अमेरिकेत गेलेल्या प्युरिटन, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंट, लोकांच्या मंडळ्यांत नव्या माणसाला देवाने आपल्याला कसं गाठलं ते सगळ्यांसमोर सांगावं लागे, आणि मग मंडळी त्याला घ्यायचं की नाही ते ठरवी. मॅसॅच्युसेट्समध्ये 1631 पासून राज्यकारभारात मत द्यायचं तर आधी मंडळीचा सभासद असावं लागे. याच परंपरेतून 1810 साली अमेरिकन बोर्ड ही मिशनरी संस्था निघाली. तिचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट 1813 मध्ये मुंबईला उतरले. 1831 मध्ये नगरला काम सुरू झालं आणि 1833 मध्ये तिथे पहिली मंडळी स्थापन झाली. आज आमच्या उपासनेत उभं करून प्रश्न विचारतात, साक्ष द्यायला लावतात, त्यात ही वाट आहे. (वसई-मुंबईच्या कॅथलिकांची वाट याहून जुनी, पोर्तुगीज काळातली. तिथे गावाचं चर्च, म्हणजेच पॅरिश, हाच सभासदत्वाचा पाया. तिचा इतिहास स्वतंत्रपणे सांगण्याजोगा आहे.)

पण प्युरिटनांच्या त्या मुलखात, न्यू इंग्लंडमध्ये, मंडळीत आल्याने माणसाचा मान वाढत होता. इथे माणूसच घराबाहेर पडत होता. पाणवठा बंद, न्हावी बंद, सोयरीक बंद. 1843 मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांकडे राहत होता. वडील कोर्टात गेले आणि अल्पवयीन म्हणून पोरगा त्यांच्या ताब्यात मिळाला. आता त्याला जातीत परत घ्यायचं का? बाळशास्त्री जांभेकर शुद्धीच्या, म्हणजे प्रायश्चित्त देऊन जातीत परत घेण्याच्या, बाजूने उभे राहिले, म्हणून त्यांनाही सनातन्यांचा रोष सोसावा लागला. मंडळीच्या पंगतीत एका पोराने घास घेतला असेल का, या शंकेवरून अख्खी मुंबई ढवळून निघाली.

सरकारलाही कायदे करावे लागले. धर्म किंवा जात सोडली म्हणून वारसाहक्क बुडणार नाही, असा कायदा 1850 मध्ये झाला. धर्मांतरामुळे नवरा किंवा बायको नांदायला तयार नसेल तर विवाहाचं काय करायचं, यासाठी 1866 चा कायदा आला. त्या कलमांमागे मोडलेली घरं आहेत हे विसरू नये.

म्हणून मंडळीत येताना माणसाला जे हवं होतं ते मुळात घर होतं. आणि हे घर साधं नव्हतं. नगरच्या मंडळीत हरी रामचंद्र खिस्तींसारखे ब्राह्मण होते, आणि पुढे गावोगावच्या महारवाड्यांतून माणसं आली. भाकर एक, प्याला एक. जन्मभर ज्याची सावली टाळली त्याने ओठाला लावलेला प्याला आपल्या हातात यायचा, आणि प्यायचं. उलट बाजूनेही बघा : जन्मभर वरून ओंजळीत पाणी घेतलेल्या माणसाला हातात प्याला मिळायचा. माझ्या मते मराठी मुलखात सभासदत्वाचा खरा अर्थ त्या प्याल्यात आहे. प्रवचनांत तो पुष्कळदा सांगितला गेला, पण शिकवला प्याल्यानेच.

सगळ्यांना ते एका दिवसात जमलं नाही. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं त्यांच्यापासून वेगळ्या राहिल्या. परत आल्यावरही त्यांचं सोवळं, पाणी, चूल वेगळी होती. जात माणसाने केली, देवाने नव्हे, हे मनात उतरल्यावर त्यांनी आपण होऊन ते सोडलं, आणि मग बाप्तिस्मा घेतला. मला हा क्रम फार मोलाचा वाटतो.

मंडळीत आलो म्हणजे मिशनऱ्यांच्या हाताखाली आलो का, हा प्रश्नही इथल्याच माणसांनी विचारला. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. दोनच वर्षांत त्यांनी तिथल्या जोगीण सिस्टर जेरल्डिनना लिहिलं, त्याचा आशय असा : मी ख्रिस्ताच्या मंडळीची सभासद आहे, पण धर्मगुरू आणि बिशप बोलतील तो प्रत्येक शब्द मानायला मी बांधलेली नाही, एका पुरोहितशाहीचं जू मोठ्या कष्टाने उतरवलं, ते दुसऱ्याचं घ्यायला नव्हे. टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढला, त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले असे दोघेही येऊ शकत होते. दोन वर्षांनी ते गेले आणि दरबार फार वाढला नाही. पण आजही उपासनेला येणारी, बाप्तिस्मा न घेतलेली माणसं प्रत्येक मंडळीत मागच्या बाकांवर असतात, आणि त्यांच्याकडे पाहिलं की बाप्तिस्म्याशिवाय आपलं म्हणता येतं का, हा टिळकांचा प्रश्न तसाच उभा दिसतो.

त्यांतल्या काहींच्या मागे 1950 चा राष्ट्रपतींचा आदेश आहे. त्यानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आधी जवळजवळ फक्त हिंदूंनाच होता. 1956 मध्ये शीख आणि 1990 मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती नाहीत. मंडळीच्या वहीत नाव चढवायचं तर पोराबाळांच्या सवलतींवर पाणी सोडायचं, अशी ही कोंडी. अशा माणसाला भित्रा म्हणणाऱ्यांनी आपल्याला वहीत नाव लिहायला काय मोजावं लागलं ते आधी आठवावं.

29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूरला सहा परंपरांच्या मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. लहानपणी बाप्तिस्मा देणारे आणि प्रौढपणीच देणारे एका छपराखाली आले आणि दोन्ही रीती मान्य झाल्या. नगरची मंडळीही त्यातच आहे. आता सभासद म्हणजे पास्टरेट कमिटीच्या, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीच्या, निवडणुकीत मत, लग्न लावायला पाळक, दफनभूमीत जागा, असाही अर्थ आहे. निवडणुकीवरून भांडणंही होतात.

एक जुनी रीत मात्र जपायला हवी, ती पत्राची. माणूस गाव सोडून निघाला की पाळक त्याला नव्या मंडळीच्या नावे पत्र देतात. पौलाने रोमकरांना लिहिताना फीबी नावाच्या बहिणीची अशीच शिफारस केली आहे : तिला प्रभूमध्ये स्वीकारा, तिला लागेल ती मदत करा. आमच्या घरच्या पत्र्याच्या पेटीत आजोबांचं असं एक पत्र आहे. गिरणीत कामाला मुंबईला निघाले तेव्हा मिळालेलं. त्यांनी ते तिथे कधी दिलंच नाही. आजी सांगायची, गावच्या मंडळीतून नाव काढायला त्यांचं मन होईना. कागद घडीवर फाटलाय, शाई तपकिरी झालीय, आणि नव्या मंडळीने भरून परत पाठवायचा खालचा अर्धा भाग अजून कोराच आहे.