आल्बाइसिन आणि अल्हाम्ब्रा : पायी सफरीमागचा इतिहास

दक्षिण स्पेनमधल्या ग्रानादा शहरातल्या पायी सफरीचे साधारण दोन तुकडे पडतात. ऊन चढायच्या आत आल्बाइसिन या जुन्या वस्तीच्या चढणीच्या गल्ल्या, आणि तिकिटावर जी वेळ छापली असेल तिच्या हिशेबाने अल्हाम्ब्राचे राजवाडे. सुरुवात बहुधा प्लासा नुएवा या चौकातून होते. तिथे उभं राहिल्यावर पायाखालून दार्रो नदी वाहते आहे हे सांगूनही खरं वाटत नाही. सोळाव्या शतकात तिच्यावर कमानी टाकून हा चौक काढला, आणि एकोणिसाव्या शतकात शहरातला पुढचा पट्टाही झाकून त्याचा रस्ता केला. चौक ओलांडून थोडं चाललं की नदी पुन्हा उघडी होते. डाव्या हाताला आल्बाइसिन, उजवीकडे साबिका टेकडीवर अल्हाम्ब्राच्या लालसर भिंती.

जाहिरातींत आल्बाइसिनला 'मूरिश वस्ती' म्हणतात. हा शब्द या वस्तीतल्या लोकांचा नव्हे. रोमनांनी आफ्रिकेच्या वायव्य कोपऱ्यातल्या लोकांना दिलेलं नाव स्पॅनिशमध्ये 'मोरो' झालं आणि सरसकट मुसलमानांना चिकटलं. इथले लोक स्वतःला अंदालुसी म्हणवत. ख्रिस्ती राजांच्या अमलाखाली धर्म राखून राहणारा मुसलमान तो 'मुदेहार', आणि बाप्तिस्मा झालेला तो 'मोरिस्को'. आल्बाइसिनमधलं एखादं कुटुंब १४९१ ते १५०१ या दहा वर्षांत उंबरठाही न ओलांडता या तिन्ही नावांतून गेलं असणार. 'मोरो' हाच शब्द पोर्तुगिजांबरोबर गोव्याला आला. १५१० मध्ये त्यांनी आदिलशाहीच्या फौजेलाही 'मोउरो' म्हटलं. मोरोक्को कुठे आहे हे आदिलशाहीच्या शिपायांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. श्रीलंकेच्या जनगणनेत 'मूर' ही नोंद आजही आहे. आपल्या मंडळींच्या तोंडी मात्र इथे आल्यावर 'मोगल काम दिसतंय' हे वाक्य हटकून येतं. अल्हाम्ब्रातला सिंहांचा चौक बांधून झाला तेव्हा बाबराला पानिपतावर पोचायला शंभराहून जास्त वर्षं होती.

जुना काळ थोडक्यात. अकराव्या शतकात झिरी घराण्याने ग्रानादाला राजधानी केलं आणि गढी बांधली ती आल्बाइसिनच्या टेकडीवर. साबिकेवरचं मोठं बांधकाम १२३८ मध्ये नासरी घराण्याच्या पहिल्या सुलतानाने सुरू केलं. आज लोक जे बघायला जातात ते कोमारेस आणि सिंहांचे राजवाडे चौदाव्या शतकातले. नदीकाठचा बान्युएलो हा हमाम मात्र झिरी काळातला मानला जातो. आत अंधार, आणि छतातल्या तारेच्या आकाराच्या भोकांतून खाली पडणारे उजेडाचे कवडसे. खांबांची डोकी एकासारखी एक नाहीत, कारण ती रोमन आणि त्यांच्यामागून आलेल्या व्हिसिगॉथ राजवटीच्या पडझडीतून उचललेली आहेत. हमामांवर पुढे बंदी आली, पण यावर घर चढलं, खाली धुणं धुवायची जागा झाली, म्हणून हा वाचला.

आल्बाइसिन या नावाचाही निकाल लागलेला नाही. १२२७ च्या सुमाराला बाएसा शहर ख्रिस्ती राजाकडे गेलं, तिथून आलेल्या निर्वासितांवरून नाव पडलं असं एक मत. दुसरं मत 'रबद अल्-बय्याझीन' म्हणजे ससाणे पाळणाऱ्यांची पेठ. ससाण्यांची गोष्ट सांगायला चांगली, त्यामुळे सफरीत तीच जास्त ऐकू येते.

२५ नोव्हेंबर १४९१ च्या तहाने शहर कॅस्टिल या ख्रिस्ती राज्याच्या हवाली करायचं ठरलं आणि २ जानेवारी १४९२ ला ते झालं. तहात मशिदी, काजी, वारसा, पोशाख, सगळ्याची हमी होती. ग्रानादाच्या पहिल्या आर्चबिशपांनी ती बरीचशी पाळली. धर्मांतर व्हावं ही इच्छा त्यांचीही होती, पण त्यासाठी आपल्या पाद्र्यांनी अरबी शिकावी असा त्यांचा आग्रह होता. १४९९ च्या अखेरीस तोलेदोचे आर्चबिशप आले आणि त्यांना इतका धीर नव्हता. घाऊक बाप्तिस्मे सुरू झाले, बिबरांब्ला चौकात अरबी ग्रंथांची होळी झाली, आणि डिसेंबरात आल्बाइसिन पेटलं. बंड केलंत म्हणजे तह तुम्हीच मोडलात, अशी भूमिका दरबाराने घेतली. तह कुणी आधी मोडला हा प्रश्न बऱ्याच सफरींत एका वाक्यात उरकतात. होळी आधी की बंड आधी, याची उत्तरं बखरीगणिक बदलतात. पण जबरदस्ती आधी सुरू झाली होती, एवढं स्पष्ट आहे.

१५२६ साली, म्हणजे बाबराने पानिपत मारलं त्याच वर्षी, स्पेनचा राजा, सम्राट पाचवा चार्ल्स लग्नानंतर काही महिने अल्हाम्ब्रात मुक्कामाला होता. नासरी दालनांना खेटून जो चौकोनी दगडी राजवाडा आहे, तो या मुक्कामातून निघाला. बाहेरून चौरस, आत तीस मीटर व्यासाचा गोल चौक. त्याच मुक्कामात मोरिस्कोंची भाषा, पोशाख आणि हमाम यांच्यावर बंदीचे हुकूम निघाले, आणि मोठी रक्कम भरल्यावर ते चाळीस वर्षं लांबणीवर टाकण्यात आले. मोरिस्कोंकडून वसूल झालेला पैसा त्या राजवाड्याच्या बांधकामाला लागला. मुदत संपल्यावर १५६७ मध्ये बंदी परत आली, १५६८ च्या नाताळात आल्पुहारा डोंगरात उठाव झाला. आल्बाइसिन त्यात उठलं नाही. तरी १५६९ मध्ये इथल्या मोरिस्कोंना गोळा करून बाहेर काढलं. माणसं गेली तसा कर गेला आणि राजवाड्याचं काम रखडलं. त्यावर पुरतं छप्पर चढलं ते विसाव्या शतकात.

रिकाम्या आल्बाइसिनचं पुढे काय झालं हे कळल्याशिवाय तिथली गल्ली वाचता येत नाही. ओस पडलेली चार-पाच लहान घरं एकाच मालकाकडे यायची, मधल्या भिंती पडायच्या, घरांच्या जागी बाग व्हायची आणि भोवती उंच कुसू चढायचं. हेच ते 'कार्मेन', द्राक्षमळा या अर्थाच्या अरबी 'कर्म'वरून आलेलं. चुन्याने रंगवलेली भिंत, वरून डोकावणारं सरूचं झाड, आत कारंज्याचा आवाज. गाइड थांबतो, लोक फोटो काढतात, 'किती मूरिश'. शब्द अरबी आहे, बाग मूर गेल्यानंतरची आहे. त्याआधी इथे दाटीवाटीची घरं होती. खरं जुनं पाहायचं तर खाली बघावं: गल्लोगल्ली विटांच्या कमानीआड जमिनीत बांधलेले पाण्याचे हौद आहेत, पंचविसाहून अधिक. आल्फाकारच्या झऱ्याहून आयनादामार नावाच्या पाटाने त्यांना पाणी यायचं. मशिदी गेल्या, तरी शेजारचे हौद चर्चच्या अंगणात तसेच राहिले. सान होसे चर्चचा घंटेचा मनोराही मुळात मिनार आहे.

मधली दोन शतकं ओलांडायला हरकत नाही. १८१२ मध्ये फ्रेंच फौजेने जाताना तटाचे काही बुरूज सुरुंगाने उडवले. मग आले युरोप-अमेरिकेचे लेखक आणि चित्रकार. पडक्या महालात भिकारी आणि जिप्सी राहतात याचं त्यांना भारी कौतुक. त्यांच्यामुळे अल्हाम्ब्रा जगाला ठाऊक झाली आणि १८७० मध्ये राष्ट्रीय स्मारक ठरली. पार्तालचा छोटा महाल तेव्हा खाजगी मालकीचा होता. त्याच्या जर्मन मालकाने १८९१ मध्ये तो स्पेनला दिला आणि त्याचं कोरीव लाकडी छत सोबत नेलं. ते बर्लिनच्या संग्रहालयात आहे. पार्तालमध्ये मान वर केल्यावर दिसते ती नक्कल.

या कौतुकाचाच एक परिणाम म्हणजे सिंहांच्या चौकातला घुमट. त्याच्याबद्दल सफरीत क्वचित बोलतात, म्हणून इथे जरा सविस्तर.

या चौकाच्या पूर्व आणि पश्चिम टोकांना बारीक खांबांवर उभे असे दोन मंडप आहेत. नासरी कारागीर घुमट करत, पण आतून. खालून बघाल तर मधाच्या पोळ्यासारखं प्लास्टरचं किंवा लाकडाचं छत, आणि बाहेरून साधं चार उतारांचं कौलारू छप्पर. बाहेरून घुमटी दिसण्याची इथे रीतच नव्हती. १८५९ च्या सुमाराला दुरुस्ती करणाऱ्यांनी पूर्वेच्या मंडपावर रंगीत चकचकीत कौलांचा गोल घुमट चढवला. त्यांच्या मते पौर्वात्य राजवाड्याला घुमट हवाच. ही पूर्व म्हणजे इराण की इस्तंबूल, हे त्यांनी मनाला विचारलं नसावं. तेव्हा हे काम करणाऱ्यांचा हुद्दाच मुळी 'सजावट-दुरुस्तीकार' असा होता. कोमारेसच्या हमामातल्या विश्रांतीच्या दालनालाही त्यांनीच भडक रंग दिले, आणि भिंतींच्या नक्षीच्या छोट्या प्रतिकृती करून पाहुण्यांना विकल्या. त्यांनी पुष्कळ काही पडण्यापासून वाचवलं, हेही मान्य करायला हवं.

१९२३ मध्ये अल्हाम्ब्राची जबाबदारी माद्रिदच्या एका वास्तुरचनाकाराकडे आली. त्यांचा नियम सोपा होता: पडतंय ते धरून ठेवा, हरवलंय ते कल्पनेने भरू नका, आणि नवं घातलंत तर ते नवं आहे हे दिसू द्या. नक्षी तुटलेली असेल तिथे ते सपाट गिलावा करत. १९३१ च्या अथेन्समधल्या स्मारक-जतन परिषदेत हीच भूमिका मांडली गेली आणि तिथे ते हजर होते. १९३४ मध्ये त्यांनी घुमट उतरवला आणि जुन्या चित्रांच्या आधाराने मंडपावर चार उतारांचं छप्पर घातलं.

गावात गदारोळ झाला. स्थानिक वर्तमानपत्रांनी झोड उठवली. दोन पिढ्यांनी सिंहांचा चौक पाहिला तो घुमटासकट. छायाचित्रांत तोच होता. परका माणूस माद्रिदहून येतो आणि आमची अल्हाम्ब्रा मोडतो, असा सूर होता, आणि प्रजासत्ताकाच्या त्या दिवसांत प्रत्येक वादाला राजकारणाची फोडणी मिळत होती. १९३६ मध्ये यादवी सुरू झाली आणि त्यांना पदावरून दूर केलं गेलं. पुढच्या राजवटीतही त्यांनी टाकलेलं छप्पर मात्र कुणी काढलं नाही.

माझं मत विचाराल तर घुमट गेला ते बरं झालं. पण विरोधकांचा एक मुद्दा मला खोडता येत नाही. पंचाहत्तर वर्षं उभा असलेला घुमट हाही त्या वास्तूचा इतिहासच होता. पायथ्याशी पाटी लावून तो ठेवला असता, तर एकोणिसाव्या शतकाने 'मूर' कसा कल्पिला हे दाखवायला याहून चांगली वस्तू नव्हती. आणि नवं छप्पर चौदाव्या शतकातलं नाही, १९३४ चं आहे, हेही सफरीत सांगायला हवं. पार्तालची वाफ्यांची बाग त्याच वास्तुरचनाकारांच्या काळातली, आणि हेनेरालिफे या शेजारच्या बागमहालाच्या लांबट हौदावर कमान धरणाऱ्या पाण्याच्या पिचकाऱ्याही मूळच्या नाहीत. १९५८ च्या आगीनंतर तिथे उत्खनन झालं तेव्हा मूळ वाफे आजच्या पायवाटेच्या बरेच खाली निघाले.

तोच प्रश्न २०१२ मध्ये चौकाच्या जमिनीवरून निघाला. कारंज्याचे बारा दगडी सिंह साफसफाईसाठी हलवले होते. ते परत आल्यावर भोवती काय घालायचं? १४९४ मध्ये आलेल्या एका जर्मन वैद्याने पांढऱ्या संगमरवराची फरसबंदी लिहून ठेवली आहे. १५०२ च्या एका फ्लेमिश सरदाराने सहा संत्र्यांची झाडं मोजली आहेत. एकोणिसाव्या शतकात तिथे चक्क फुलबाग होती, आणि नंतर खडी. शेवटी माकाएलच्या खाणीतला पांढरा संगमरवर घातला. उन्हात तो डोळ्यांना झोंबतो. कारंज्याच्या काठावर कोरलेली कविता, पाणी वाहतंय की दगड हे कळत नाही असं सांगणारी, या फरशीवर पहिल्यांदा पटते, हे मात्र कबूल करावं लागतं. हे सिंह अकराव्या शतकातल्या ज्यू वजिराच्या वाड्यातले, ही कथा अजून सर्रास ऐकवतात. अभ्यासक आता ते चौदाव्या शतकातलेच धरतात.

अल्हाम्ब्रा आणि हेनेरालिफे १९८४ मध्ये जागतिक वारसा यादीत गेले, आल्बाइसिन दहा वर्षांनी. हा दहा वर्षांचा फरक अजून दिसतो. राजवाड्यांत दर अर्ध्या तासाला ठरावीक माणसं सोडतात, तिकिटावर नाव असतं, पासपोर्ट दाखवावा लागतो. समोरच्या टेकडीला दार नाही आणि तिकीटही नाही. तिथे गल्लीत चाकांच्या बॅगांचा खडखडाट दगडगोट्यांच्या फरशीवरून चालू असतो, कारण घरांमागून घरं पर्यटकांना भाड्याने जात आहेत. राहणारे म्हातारे हळूहळू खाली नव्या शहरात उतरले.

सफर संपते सान निकोलास चर्चपुढच्या कट्ट्यावर. समोर अल्हाम्ब्रा, मागे सिएरा नेवादाचं बर्फ, आणि मधोमध सम्राटाचा तो चौकोनी राजवाडा, जो फोटोतून वगळायची लोकांची धडपड चालते. कट्ट्याला लागूनच मशीद आहे. तिची जागा १९८१ मध्ये घेतली, शेजाऱ्यांच्या विरोधातून आणि परवानग्यांतून वाट काढत ती उघडली २००३ च्या जुलैत. तिच्या बागेत कुणालाही जाता येतं. देखावा तोच, गर्दी निम्मी.