सिंधू (संगीत एकच प्याला)

सिंधू ही राम गणेश गडकऱ्यांच्या 'संगीत एकच प्याला' या नाटकाची नायिका. गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले आणि पुढच्याच महिन्यात गंधर्व नाटक मंडळीने बडोद्याला हे नाटक पहिल्यांदा केलं, सिंधू बालगंधर्व आणि सुधाकर गणपतराव बोडस. पदं मात्र गडकऱ्यांची नाहीत, ती वि. सी. गुर्जरांची.

श्रीमंत माहेरची मुलगी, नवरा सुधाकर हुशार वकील, कोर्टात अपमान होतो, सनद जाते, तळीराम दारूचा पहिला प्याला हातात देतो आणि मग घर बुडतंच. सिंधू माहेरचा पैसा घेत नाही, लोकांची दळणं दळते, आणि शेवटी मरतानाही नवऱ्याला वाचवायला पोलिसांपुढे खोटं बोलते. ज्या बालगंधर्वांच्या साड्या आणि दागिने बघून बायका फॅशन करायच्या, त्यांनी इथे फाटकं लुगडं नेसून लोकांना रडवलं, आणि त्यानंतर दुःखी नायिका म्हटलं की प्रेक्षकांच्या डोळ्यासमोर हीच यायला लागली.

गोव्याचं गडकऱ्यांशी नातं जुनं, मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर गडकऱ्यांच्याच 'भावबंधन' नाटकात लतिका करायचे. इथे जत्रेला, उत्सवाला देवळाच्या प्रांगणात गावचीच मंडळी मराठी नाटक बसवतात, दिवसाची नोकरी-शेती करून रात्री तालमी, आणि पूर्वी गावातलाच एखादा गोड गळ्याचा मुलगा साडी नेसून सिंधू व्हायचा, आता बायका करतात. उन्हाळ्यात काजूच्या दारूच्या भट्ट्या पेटतात त्या गावांत दारूने उठलेलं घर कुणाला समजावून सांगावं लागत नाही, म्हणून हे नाटक इथे नुसतं गाण्यांसाठी बघितलं जात नाही असं मला ठामपणे वाटतं.

तरी गाणी नाटकापेक्षा लांब पोचलीत हे खरंच. 'कशि या त्यजू पदाला' नाट्यगीतांच्या मैफलीत आजही होतं, ज्यांनी नाटक वाचलेलंही नाही त्यांना ते पाठ असतं, आणि तेवढंच ऐकलं तर सिंधू म्हणजे फक्त नवऱ्याचे पाय धरून बसलेली सोशिक बाई वाटते. आजच्या मुलींना ती पटत नाही, यात त्यांचं काही चुकत नाही. पण गडकऱ्यांनी त्याच नाटकात तळीरामाची बायको गीता ठेवलीय, ती तोंडावर बोलते, भांडते, आणि सिंधूचं इतकं सोसूनही सुधाकर सुटत नाही. सिंधू करणाऱ्या नटीने पहिल्या अंकापासून रडायला सुरुवात केली की हे सगळं हरवतं. ती आधी हसरी, संसारात रमलेली दिसायला हवी, तरच जात्यावरचा प्रवेश अंगावर येतो.